नेपाळची गोदावरी आणि शेणाची ज्योत

पशुपतिनाथाच्या दर्शनाला काठमांडूला जाऊन आलेली मंडळी आपल्या गावोगावी आहेत. तुम्हीही कधी गेलात तर एक दिवस जास्त काढा. पाटणच्या लगनखेल थांब्यावर बस धरा आणि गोदावरीला चला. दचकू नका, ही नाशिकची गोदावरी नव्हे! फुलचोकी डोंगराच्या पायथ्याशी झऱ्याचे एक कुंड आहे, त्या जागेचे हे नाव. आपल्या सिंहस्थासारखाच दर बारा वर्षांनी इथेही मेळा भरतो.

कुंडावर हातपाय धुऊन झाले की तिथल्या सेंट झेवियर्स शाळेकडे एक नजर टाका. १९५५ साली फादर सोबोल नावाच्या बेल्जियन शिक्षकाने या शाळेत तेलाच्या जुन्या पिंपांत शेण कालवून गॅस पेटवून दाखवला. नेपाळातला हा पहिला गोबरगॅस.

पुढे १९६८ मध्ये आपल्या मुंबईच्या खादी ग्रामोद्योग आयोगाने काठमांडूच्या प्रदर्शनात आपला नमुना उभारला. खाली विहिरीसारखा खड्डा आणि वर तरंगणारी लोखंडी टाकी. ही आपल्याला चांगली ओळखीची. पण लोखंड महाग, डोंगरात वाहून न्यायला अवघड, शिवाय गंजणारे. चीनमध्ये शेतकरी लोखंडाशिवाय, जमिनीखाली पक्का घुमट बांधत होते. नेपाळच्या कारागिरांनी तो घुमट घेतला आणि आपल्या मातीला जुळवून १९९० मध्ये स्वतःचा नमुना ठरवला. भारतातही चिनी घुमटावरूनच १९७८ मध्ये 'जनता' आणि १९८४ मध्ये 'दीनबंधू' संयंत्र आले.

यात हलणारा भाग नाही. घुमटाखाली गॅस साठतो आणि शेणकाल्याला बाहेरच्या कुंडीत ढकलतो. चुलीची कळ फिरवली की तोच काला परत येतो आणि गॅस पुढे रेटतो. दोन-तीन जनावरांचे रोजचे २५ किलो शेण आणि तितकेच पाणी घातले, तर साधारण हजार लिटर गॅस मिळतो. एक शेगडी त्यावर अडीच तास जळते. संयंत्र जमिनीत असल्याने थंडीतही ऊब टिकते. बाहेर पडणारी मळी शेताला खत म्हणून जाते ती वेगळीच.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो. आमच्या परसातही लोखंडी टाकीचा गोबरगॅस होता. एके वर्षी रंग द्यायचा राहिला, मग पावसाळ्यात पत्र्याला भोक पडले. बांधून देणारे पुन्हा फिरकले नाहीत आणि आम्हीही पाठपुरावा केला नाही. आईने मुकाट्याने फुंकणी उचलली. चुलीच्या धुराने तिचे डोळे पुन्हा गळू लागले, तेव्हा आम्हाला चूक कळली, पण उशिरा.

नेपाळने नेमके हेच ओळखले. १९९२ पासून नेदरलँड्सच्या एका संस्थेच्या साहाय्याने जो कार्यक्रम चालला, त्यात अनुदान ठरलेल्या दर्जाच्या कामालाच मिळे. बांधणाऱ्याला काही वर्षांची हमी द्यावी लागे आणि घरी येऊन तपासणीही करावी लागे. म्हणूनच तिथे चार लाखांहून अधिक संयंत्रे उभी राहिली. मग हाच अनुभव व्हिएतनाम आणि रवांडापर्यंत गेला. एकेकाळी दुसऱ्यांकडून शिकलेला देश असा इतरांचा गुरू झाला.

वाचकहो, विद्या मुंबईहून जाते, चीनहून येते, डोंगरही ओलांडते. पण तुमच्या परसात ती टिकते ती रोजच्या शेणाने आणि वेळच्या वेळी केलेल्या डागडुजीने. नेपाळहून येताना रुद्राक्ष तर आणालच. ही गोष्टही आणा. आणि घरचा गोबरगॅस बंद पडला असेल, तर आज संध्याकाळीच त्याच्यापाशी जाऊन या. स्वयंपाकघरात कुणीतरी वाट पाहत आहे.