गळते तिथे भोक नसते

मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीने धामणगावला उतरावे आणि बाभूळगावावरून यवतमाळची मोटार धरावी. मूर्तिजापूरहून दारव्हामार्गे येणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ हाही पूर्वी एक मार्ग होता. तिला ओढणारे १९२१ सालचे मँचेस्टरचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत राबले. आता ती गाडीच थांबली आहे. दिवाळीच्या सुमारास या रस्त्याने जाताना दोन्ही अंगांना काळ्या जमिनीत कापूस फुटलेला दिसतो, टेकड्यांवर साग दिसतो आणि गाव जवळ आले की दिसतात तांबूस-काळपट कवेलूंची छपरे. सिमेंटच्या गच्च्या आणि टिनाचे पत्रे पुष्कळ वाढले असले, तरी जुन्या वस्त्यांत आणि खेड्यापाड्यांत कवेलू अजून तग धरून आहे.

पुण्या-मुंबईचा माणूस ज्याला कौल म्हणतो, त्याला इकडे कवेलू म्हणतात. त्याच्या दोन जाती. पहिले देशी, अर्धगोल. कुंभार चाकावर नळी काढतो, ओली असतानाच तिला उभी चीर पाडतो आणि एका नळीची दोन कवेलू होतात. दुसरे चपटे, खाचांचे. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कारखाना काढला, तिथून ही जात देशभर पसरली. इकडे तिला ‘इंग्रजी कवेलू’ असे भारदस्त नाव मिळाले. इंग्रजी कवेलू एकमेकांच्या खाचांत अडकते. देशी कवेलू मात्र नुसते अंगावर अंग टाकून बसलेले असते. खाली उताणी रांग, तिच्या दोन कडांवर पालथी रांग. ना खिळा, ना चुना. म्हणूनच ते हलते, आणि म्हणूनच ते दुरुस्तही करता येते.

हलवणारे हात अनेक. काळ्या तोंडाची माकडे या भागातली जुनी रहिवासी. त्यांची टोळी एकदा घरावरून धावत गेली की पाच-दहा कवेलू सरकलीच. वैशाखातले वादळ आणि गारा उरलेले काम करतात. पण सर्वांत लबाड शत्रू म्हणजे अंगणातला कडुनिंब. त्याचा पाला उताण्या रांगेत साचतो, त्यावर माती बसते आणि पाणी तुंबून कडेवरून आत उतरते. अशा वेळी एकही कवेलू फुटलेले नसते, तरी घर गळते.

आता गळती शोधायची कशी? नवखा माणूस जिथे थेंब पडतो त्याच्या बरोबर वरचे कवेलू बदलतो आणि पुढच्या सरीला पुन्हा खाली पातेले मांडतो. कारण पाणी आत शिरले की सरळ खाली पडत नाही. ते बांबूच्या, फाट्याच्या पाठीवरून उताराने वाहते आणि जिथे गाठ किंवा जोड येईल तिथे टपकते. छिद्र असते त्याच्या हातभर, दोन हात वर. जाणता कारागीर म्हणून आधी आत जातो. दारे-खिडक्या लावून भर दुपारी अंधारात उभा राहतो आणि उन्हाचे कवडसे कोठून येतात ते पाहतो. लाकडावरचा ओलीचा डाग कोठवर चढला आहे ते बोटाने चाचपतो. तरीही उमगेना, तर एकाने आत थांबायचे आणि दुसऱ्याने छपरावर तांब्याने पाणी सोडायचे, तेही वळचणीकडून सुरुवात करून हळूहळू आढ्याकडे. आधीच आढ्यावर पाणी ओतले तर सगळेच भिजते आणि काहीच कळत नाही.

दुरुस्तीला ‘कवेलू फेरणे’ म्हणतात. कवेलू उतरवायची, पाला-माती झाडायची, वाळवी लागलेले फाटे आणि मोडलेले बांबू बदलायचे, मग वळचणीपासून वर रांगा चढवायच्या. जुने कवेलू बोटाने वाजवून पाहतात. खणखणले तर ठेवायचे, बद्द वाजले तर चीर आहे, टाकायचे. पाय लाकडाच्या रेषेवरच पडला पाहिजे, नाहीतर एक दुरुस्त करताना चार फुटतात. छप्पर वाकले असेल तर नुसती कवेलू बदलून उपयोग नाही. खालचा फाटा बसलेला असतो.

हे सारे मृगाच्या आधी व्हावे लागते. आणि नेमकी तीच वेळ बियाण्याची आणि खताची. गाठीचे पैसे शेतात जातात आणि छप्पर पुढच्या वर्षावर ढकलले जाते. त्याची किंमत दिवाळीनंतर कळते. भाव चढेल या आशेने कापूस घरातच रचलेला असतो, कधी कधी माणसांना निजायला जागा उरत नाही इतका. अशात अवकाळी पावसाची एक सर आली आणि कापूस भिजला, की पांढरे सोने पिवळे पडते. बाजारात त्याचा भाव उतरतो. वर्षाची कमाई एका सरकलेल्या कवेलूपायी गेली, असे म्हणण्याची पाळी येते.

टिनाला हा त्रास नाही, हे खरे. पण यवतमाळचा उन्हाळा चाळिशी ओलांडणारा; पत्र्याखाली दुपार काढणे म्हणजे तव्याखाली बसणे. कवेलूखाली हवा खेळते. मात्र फेरणारे हात आता कमी झाले आहेत. तरुण मुलगा छपरावर चढत नाही आणि गावोगावच्या कुंभारांनी नळी काढणे सोडले आहे. त्यामुळे एखादे घर उतरवले की त्याची कवेलू शेजारी मागून नेतात.

या दिवाळीत त्या बाजूला गेलात, तर एखाद्या जुन्या घरात पाऊल टाकताना क्षणभर वर पाहा. कवडसा दिसला, तर यजमानांना जरूर सांगा. मृगाला अजून सात महिने आहेत.