कच्चा लिंबू नको

मुलांच्या खेळात आपल्याकडे एक जुनी सोय आहे. धाकटे भावंड खेळण्यासाठी हटून बसले की त्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणून घेतात. ते धावते, ओरडते, पकडलेही जाते. परंतु बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्यही येत नाही. लहानग्याला तेवढे पुरते. थोडे मोठे झाले की मात्र तेच मूल ‘मला खरे घ्या’ म्हणून भांडू लागते. आजारातून उठलेल्या वडीलधाऱ्या माणसाला आपण पुष्कळदा याच जागी नेऊन बसवतो. ते माणूस भांडत नाही, एवढाच फरक.

आमच्या ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा उजवा हात लुळा पडला आणि बोलणे अडखळू लागले. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की अनेकांच्या बाबतीत असे घडते. समज बरीचशी शाबूत असते, उत्तरही मनात तयार असते. शब्द तेवढा सापडत नाही. पाहणाऱ्याला वाटते, ह्यांना कळतच नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी कूलरसमोर पत्त्यांचा डाव हा आमच्या घरचा जुना परिपाठ. तो पुन्हा सुरू केला, तेव्हा भेटीस आलेले एक स्नेही एक्का हातात राखून हलकी पाने टाकू लागले. तिसऱ्या डावाला ह्यांनी आपली पाने पालथी ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. चांगल्या खेळणाऱ्याला दान दिलेला विजय लगेच ओळखू येतो.

या कोंडीतून वाट दाखवली ती अभियांत्रिकी शिकणाऱ्या नातवाने. मित्रांसह तो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ खेळतो. १९७४ साली अमेरिकेत निघालेला हा खेळ. एकजण कथा चालवतो, इतर त्यातली पात्रे होतात आणि साहस साधले की फसले हे फाशांवर ठरते. त्यात एक दुखणे फार जुने आहे. जादूगार आरंभी अगदी दुबळा असतो. मात्र पुढे असा बलाढ्य होतो की तलवारबहाद्दरांना नुसते पाहत बसावे लागते. मग तू काय करतोस, असे मी विचारले.

‘आजी, बलवानाचे पंख कापले तर तो रुसतो, आणि दुबळ्याला फुकटची तलवार दिली तर ती त्यालाच बोचते,’ तो म्हणाला. ‘मी प्रत्येक बैठकीत एक तरी कुलूप असे ठेवतो, की किल्ली त्या एकाकडेच असेल.’ शिवाय जादूगाराचे मंत्र मोजके. संपले की झोप घेईपर्यंत परत येत नाहीत, हा नियम तो कडकपणे पाळतो.

एका रविवारी सकाळी त्याने आमच्यासाठी पेंचच्या जंगलातली कथा रचली. नऊ वर्षांच्या नातीने उडणारी, अदृश्य होणारी, आग ओकणारी परी घेतली. हे वनखात्यातून निवृत्त झालेले. कथेतही वनरक्षकच झाले. पहिला अर्धा तास परीचाच होता, आणि तिने आपले सारे मंत्र उधळून टाकले. मग नातवाने पाणवठ्याकाठचा एक ठसा कागदावर काढून पुढे ठेवला. रात्र येथे काढायची की निघायचे? नात ओरडली, ‘वाघ! पळा!’ ह्यांनी डाव्या हातात पेन्सिल घेतली, ठशातल्या नखांच्या टोकांभोवती वाकडीतिकडी वर्तुळे केली आणि शेजारी बिननखांचा ठसा काढला. वाघ-बिबट्या चालताना नख्या आत ओढून घेतात, म्हणून त्यांच्या ठशात सहसा नखे उमटत नाहीत. तरस आणि रानकुत्र्याची उमटतात. शब्द कोणी पुरवायचा नाही, असे नातवाने आधीच बजावले होते. आम्ही थांबलो. बऱ्याच वेळाने ‘तरस’ हा शब्द आला. उत्तर चुकले असते तर कथेत आमची खरोखरच धडगत नव्हती, असे नातवाने मला नंतर सांगितले. मला ते फार आवडले.

तोच हिशेब आता पत्त्यांनाही लावतो. आपला पाच-तीन-दोन या बाबतीत मोठा शहाणा खेळ आहे. तीस पाने, तिघांना दहा-दहा. हुकूम बोलण्याचा अधिकार ज्याच्याकडे, त्यानेच पाच हात करायचे, आणि ही पाळी फिरत राहते. कमी हात झालेल्याकडून पुढच्या डावात पाने ओढण्याचा नियम मात्र आम्ही काढून टाकला. त्याने सबळ अधिक सबळ होतो. हुकूम तोंडाने न बोलता त्या रंगाचे एक पान उघडे ठेवून सांगायचा, हे सर्वांनाच लागू. सवलत एकट्याला नाही. खाच पाडलेल्या लाकडी पट्टीत पाने उभी राहतात, त्यामुळे एक हात पुरतो.

झटक्यानंतरचा थकवा बाहेरून दिसत नाही, म्हणून डाव सकाळी मांडतो आणि पाऊण तासात आवरतो. कधी लांबलाच आणि ह्यांचे शब्द गळू लागले, की नात पाने गोळा करत विचारते, ‘आजोबा, मंत्र संपले?’ हे मान डोलावतात आणि पलंगाकडे वळतात.