पुढच्या गेममध्ये राजा कोणता, आणि जंगल कोणाचे?

स्ट्रॅटेजी गेम खेळणाऱ्यांचा एक आवडता उद्योग असतो. एक भाग संपतो न संपतो तोच पुढचा भाग कोणत्या काळावर, कोणत्या प्रदेशावर येणार याचे अंदाज सुरू होतात. 'टोटल वॉर' आता कुठे जाणार, 'सिव्हिलायझेशन'मध्ये कोणता नेता येणार, 'एज ऑफ एम्पायर्स'मध्ये कोणत्या राज्याला स्वतःचा कॅसल मिळणार, यावर जगभरचे चाहते हिरीरीने भांडतात. आता हे भांडण गोंडपिपरीतही पोहोचले आहे. ज्या मुलामुलींबरोबर आम्ही काम करतो, त्यांच्यात तलाठी भरती आणि पोलीस भरतीच्या खालोखाल याच विषयावर वाद होतो. एकाच्या भावाने पुण्याहून आणलेला जुना लॅपटॉप आहे, त्यावर पाळीपाळीने खेळ चालतो. आणि प्रश्न ठरलेला, "सर, आपला राजा कवा येईन?"

काही कार्यकर्ते मित्र म्हणतील, शिष्यवृत्ती रखडली, भरत्या रखडल्या, आणि तुम्ही गेमवर लेख लिहिता? हो, लिहितो. कारण या पिढीला इतिहास कुठून मिळतो हे पाहिल्याशिवाय प्रबोधनाच्या गप्पा फुकट आहेत. पालवंशाचा राजा देवपाल हे नाव आमच्या मुलांनी पहिल्यांदा ऐकले ते शाळेत नाही, 28 एप्रिल 2022 ला आलेल्या 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' या जोडभागात. नालंदेच्या विहारासाठी पाच गावांचे उत्पन्न लावून देणारा राजा तो हाच, हे आम्ही सांगितले तेव्हा मुलांचे डोळे चमकले. बौद्ध राजा, आणि तोही खेळता येतो!

त्या जोडभागाची गोष्ट बघण्यासारखी आहे. 2013 पासून त्या गेममध्ये सगळ्या भारतासाठी 'इंडियन्स' नावाची एकच संस्कृती होती. अख्ख्या उपखंडाला एकच डबा का, अशी चाहत्यांची तक्रार होती. शेवटी त्याचे 'हिंदुस्तानी' झाले आणि बंगाली, द्रविडियन, गुर्जर असे तीन नवे डबे आले. मागणी केली तर बदल होतो, हा धडा मुलांनी बरोबर घेतला. पण डब्यात काय भरले ते कोणी फारसे पाहिले नाही. गुर्जरांकडे 'क्षत्रिय' नावाचे एक तंत्रज्ञान आहे. ते घेतले की सैन्याला लागणारे अन्न 25 टक्क्यांनी कमी होते. बंगालींकडे 'महायान' आहे. त्याने गावकरी लोकसंख्येत कमी जागा व्यापतात. महायानाचा असा उपयोग नागार्जुनाला सुचला नसता! हसून सोडून देता येईल, पण वर्ण हा तिथे नांगर किंवा लोखंडी फाळ असावा तसा एक शोध आहे. पैसे भरा, क्षत्रिय मिळवा. क्षत्रियाचे अन्न स्वस्त होते म्हणजे ते कोण पिकवतो, हा प्रश्न त्या पडद्यावर येतच नाही.

'एज ऑफ एम्पायर्स 3'च्या 2007 च्या 'एशियन डायनॅस्टीज'मध्ये तर अजून स्पष्ट आहे. इतर बहुतेक संस्कृती जनावरे पाळून मांस खातात. 'इंडियन्स' खाऊ शकत नाहीत. त्यांच्या गाई पवित्र कुरणात उभ्या राहतात आणि त्यातून अनुभवाचे गुण मिळतात. हे 'इंडियन्स' कोण? बाबासाहेबांनी 1948 च्या 'द अनटचेबल्स'मध्ये गोमांस आणि अस्पृश्यतेचा संबंध मांडला. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना मेलेली ढोरे ओढायला लावली, त्यांना या 'इंडियन्स'मध्ये जागा नाही. आणि बंदी कुठे एखाद्या संवादात लिहिलेली नाही, ती नियमात आहे. संवादाशी वाद घालता येतो. नियमाशी वाद घालता येत नाही, तो पाळूनच खेळावे लागते. आमचे सगळे म्हणणे या एका ठिकाणी आहे: चाहते नावांवर भांडतात आणि नियम गुपचूप पुढच्या भागात जातात.

आता अशोकाकडे येऊ, कारण आमच्या मुलांचा सगळा जीव तिथे. 1991 च्या पहिल्या 'सिव्हिलायझेशन'मध्ये भारताचा नेता म्हणजे गांधी. अशोक 2005 च्या चौथ्या भागात आला, मग दोन भाग गायब झाला आणि 2025 च्या सातव्या भागात परतला. तोही दोन रूपांत, एक जग जिंकणारा आणि एक जगाचा त्याग करणारा. हवा तो निवडा. खरा अशोक मात्र असा दोन पत्त्यांत वाटलेला नाही. तेराव्या शिलालेखात कलिंगच्या पश्चात्तापाच्या शेजारीच अटवीतल्या, म्हणजे जंगलातल्या लोकांना समज दिली आहे. राजाला पश्चात्ताप झाला असला तरी त्याच्याजवळ सामर्थ्य आहे, तेव्हा वागणे सुधारा, नाहीतर मारले जाल, असा तिचा आशय. आपण बौद्ध लोक व्याख्यानात तो भाग बहुधा गाळतो. गाळू नये. गोंडपिपरीत राहून तर अजिबात गाळू नये, कारण अटवी म्हणजे आपलाच पत्ता आहे.

त्याच वेळी आपल्याच जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या देवटेक इथे मिळालेली एक शिळा आहे. तिच्यावर प्राण्यांना पकडण्या-मारण्याला मनाई करणारी ब्राह्मी लिपीतली आज्ञा आहे. ती अशोकाच्या धर्ममहामात्राची असावी, असे वा. वि. मिराशी यांचे मत होते. पुढे वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याने त्याच शिळेवर आपल्या धर्मस्थानाचा लेख कोरला. एकाच दगडावर एक आज्ञा आणि तिच्यावर दुसरी सत्ता. बाबासाहेबांनी भारताचा इतिहास घराण्यांच्या यादीत नाही, तर क्रांती आणि प्रतिक्रांतीत मांडला, तो समजावून सांगायला आम्हाला या दगडाइतके सोपे साधन दुसरे सापडलेले नाही. कोणत्याही गेममध्ये मौर्य संपले की पुढचा राजवंश निमूट येतो. धम्म कोणी मोडला, का मोडला, याचा टप्पाच नसतो.

धर्मांतराचे बघा. 'एज ऑफ एम्पायर्स'मधला भिक्षू शत्रूच्या सैनिकाकडे हात करून मंत्र म्हणतो आणि सैनिकाचा रंग बदलतो. त्या सैनिकाला कोणी विचारत नाही. 16 ऑक्टोबर 1956 ला चंद्रपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हा लोक बैलगाड्या जुंपून आणि पायी स्वतः आले होते. ज्याचा रंग बदलायचा तोच ठरवतो, असा नियम गेममध्ये कसा बसवाल? मुलांना आम्ही हा प्रश्न घातला. दोन दिवस डोके खाजवून एकाने सांगितले, "मंग भिक्षू जिंकत नाई सर, समोरचा जिंकते." बाविसाव्या वर्षी इतके नेमके उत्तर आम्हाला एम.ए. समाजशास्त्राच्या वर्गात ऐकायला मिळाले नव्हते.

पुढच्या सेटिंगसाठी मुलांची सर्वात लाडकी सूचना मात्र वेगळी आहे: 1858 चा चांदा. मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके, इंग्रजांविरुद्धचा उठाव, प्राणहितेकाठचा तारखात्याच्या तळावरचा हल्ला, आणि 21 ऑक्टोबर 1858 ला चंद्रपूरच्या तुरुंगात फाशी. गेमला लागणारे सगळे आहे यात. चांद्याच्या गोंड राजांचा परकोट तर आजही उभा आहे. 2009 च्या 'एम्पायर: टोटल वॉर'मध्ये मराठ्यांचे राज्य खेळता येते. तिथे नकाशावर पूर्वेकडे सरकणे म्हणजे विजय. चांद्याच्या तटावरून पाहिले तर 1751 मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांनी हेच केले आणि गोंड राज्य गेले. मग शेडमाक्यांचा गेम का नको?

आमचे उत्तर असे की तो गेम मागायचा हक्क आधी गोंड समाजाचा आहे. ही फक्त औपचारिकता नाही. 'सिव्हिलायझेशन 5'च्या वेळी कंपनीला अमेरिकेतले पुएब्लो लोक आणि 1680 च्या उठावाचा त्यांचा नेता पोपे घ्यायचा होता. पुएब्लो प्रमुखांनी नकार दिला आणि त्यांच्या जागी शोशोन आले. 2018 मध्ये सहाव्या भागात पाउंडमेकर हा क्री नेता न विचारता घेतला. त्याच्याच समाजाच्या एका प्रमुखाने जाहीर आक्षेप घेतला: दुसऱ्यांची भूमी जिंकण्याची मूल्ये आमच्याही पूर्वजांची होती, असा समज यातून पसरतो. हा आक्षेप आम्हाला फार मोलाचा वाटतो. त्याने 'आमचा राजा चुकीचा दाखवला' म्हटले नाही. तुमचा खेळच आमचा नाही, असे म्हटले.

खेळ काय आहे ते एकदा शांतपणे पाहा. सुरुवातीला नकाशा काळा. तुमचा घोडेस्वार जिथे जाईल तेवढाच उजळतो, जणू त्याच्या आधी तिथे कोणी नव्हतेच. जंगल म्हणजे लाकूड. एका झाडात 100 लाकूड. मोहफूल नाही, तेंदूपत्ता नाही, बांबू नाही, झाडाखालचा देव नाही. तोडलेले झाड परत उगवत नाही, आणि तोडण्याआधी कोणाला विचारावे लागत नाही. डोंगर म्हणजे सोन्याची खाण. सूरजागडच्या पहाडातले लोहखनिज घुग्घुसच्या कारखान्याकडे जाते, ते ट्रक पाहत वाढलेल्या मुलांना हा नियम शिकवावा लागत नाही. त्यांना तो नियम वाटतच नाही, जग असेच असते असे वाटते. उद्या याच नियमांवर शेडमाक्यांना बसवले तर आपल्या नायकाच्या हातानेच आपले जंगल तोडून घ्यायचे.

नियम बदलत नाहीत असे मात्र नाही. 2020 मध्ये 'एज ऑफ एम्पायर्स 3' नव्याने आला तेव्हा मूळनिवासी अमेरिकन सल्लागारांशी बोलून इरोक्वाचे हौदेनोशौनी आणि सूचे लकोटा झाले. नावांवर थांबले नाहीत. या दोन्ही समाजांचे लोक खाण खणणार नाहीत, असे ठरले आणि सोन्यासाठी त्यांना वेगळा बाजार दिला. खाण खणणे हा माणसाचा सार्वत्रिक स्वभाव नाही, एवढी कबुली एका युद्धाच्या गेमने दिली. आपल्याकडे ग्रामसभेच्या ठरावांना अजून तेवढीही कबुली मिळत नाही.

"मंग मजा काय राहीन?" असे मुले विचारतात. रास्त प्रश्न आहे. त्यावर आम्ही त्यांना आपल्याच तालुक्यातल्या पाचगावचे उदाहरण देतो. बहुतांश गोंड वस्तीच्या या गावाला 2012 मध्ये सुमारे 1,006 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. ग्रामसभा स्वतः बांबू विकते. तेंदूपत्त्याचा पैसा समोर दिसत असताना गावाने तो तोडणे बंद केले, कारण त्यासाठी झाडे छाटली जातात आणि आगी लावल्या जातात. जंगलाचा काही उत्तम भाग देवराईसारखा राखून ठेवला. आता खेळाडू म्हणून विचार करा. हातात येणारे उत्पन्न सोडायचे, मजुरीसाठी बाहेर जाणाऱ्यांना गावात थांबवायचे, शेजारच्या गावाशी हद्दीचे भांडण मिटवायचे, आणि प्रत्येक चाल सभेत मंजूर करून घ्यायची. यापेक्षा अवघड स्ट्रॅटेजी कोणत्या साम्राज्याने केली? मुलांनी वहीत नियम लिहायला घेतले आहेत. तेंदू बंद केल्यावर पहिल्या तीन वर्षांत गावाकडे खायला काय असेल, यावर त्यांचे गणित अडले आहे.

दुसरी अडचण त्यांच्यातल्याच एका मुलीने काढली. बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत खेड्याबद्दल काय म्हटले, ते ती वाचून आली होती. "सर, ग्रामसभा चांगली असते हे कोण ठरवलं? या गेमातल्या सभेत आमच्या मोहल्ल्यातल्या बाईले बोलू देतीन का जी?" मुले गप्प झाली. मग कोणी म्हणाले, प्रत्येक घराला एक मत. ती म्हणाली, घराला नाही, माणसाला. त्यावरून संध्याकाळपर्यंत भांडण झाले. कोणत्या राजाचा कॅसल असावा, हा विषय त्या दिवशी कोणी काढला नाही.