वीतभर फोटो, अख्खं गाव



मागचे दोन लेख लोणची-पापडावर झाले, आज जरा वेगळा विषय. एका खेळाचा. खेळ साधा आहे, पण त्यातून जे निघालं ते सांगितल्याशिवाय मला राहवेना.

क्षमावाणीनंतर आमच्या महिला मंडळाचा मेळावा असतो. संगीत खुर्ची आणि धार्मिक प्रश्नमंजूषा दरवर्षीचीच. या वेळी माझ्या सुनेने नवीन काही आणलं. तिने वर्षभर मोबाईलवर वीस फोटो काढून ठेवले होते, बरेचसे यवतमाळ शहरातले, थोडे जिल्ह्यातले. अट अशी की फोटो वीत-दोन वितींवरून काढलेला असावा. त्यात दुकानाची पाटी नको, मंदिराचं शिखर नको, माणसाचा चेहरा नको. पायरीची कड, भिंतीचा पोपडा, नळाची तोटी, एवढंच. त्यावरून जागा ओळखायची आणि कशावरून ओळखली तेही सांगायचं. नुसत्या नावाला अर्धा गुण, कारणासह पूर्ण. मी कॉमर्सची विद्यार्थिनी असल्यामुळे मला हा नियम फार पटला. व्हाउचरशिवाय नोंद कसली?

पहिलाच फोटो बाभळीच्या काट्याला अडकलेल्या कापसाच्या पुंजक्याचा होता. सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "जिनिंगचा रस्ता!" पण आपल्याकडे जिनिंग काय एक आहे? तेव्हा मागून एक काकू म्हणाल्या, "अवो, पुंजके तं एकाच अंगाला आहेत. भरल्या गाड्या ज्या बाजूनं जातात त्या बाजूचंच झाड आहे हे. रिकामी गाडी काय सांडणार?" आणि त्यांनी रस्त्याची डावी-उजवी बाजूसुद्धा बरोबर सांगितली.

दुसरा फोटो कडुनिंबाच्या पानाचा. पान वरून काळपट, उलटून धरलं तर हिरवंगार. वणीचं माहेर असलेल्या मैत्रिणीला क्षणही लागला नाही. कोळशाच्या खाणींकडच्या रस्त्याला झाडं अशीच दिसतात. तिच्या आईने दोरीवर पांढरं लुगडं वाळत घालायचं केव्हाच सोडलं होतं.

तिसऱ्यात ओलसर दगडी पायरी होती आणि उजेड वरून पडत होता. पायरी खाली उतरत असल्याशिवाय असा उजेड पडत नाही. कळंबचं चिंतामणीचं मंदिर जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून कुंडाशी जावं लागतं. शेजारणीसोबत गेलेल्या दोघी-तिघींनी ते लगेच सांगितलं.

चौथ्या फोटोत नळाच्या तोटीला बांधलेलं दुहेरी फडकं होतं. सगळ्या हसल्या. पाणी गाळून घेणारं घर म्हणजे आपल्यातलंच, यात ओळखायचं काय! पण कोणाचं? तोटीच्या खाली सिमेंटमध्ये गोल खाच पडली होती, ड्रम सरकवून सरकवून पडते तशी. २०१८ चा उन्हाळा आठवतो ना? निळोणा आणि चापडोह आटले होते, नळ किती दिवसांनी येईल याचा नेम नव्हता. तेव्हा ज्यांच्या अंगणात दोन-दोन ड्रम होते त्यांच्याकडेच अशी खाच पडली. एका जाऊबाईंनी ती खाच ओळखली. रात्री दोन वाजता पाणी आलं की तिथे त्या स्वतः उभ्या असायच्या.

खेळता खेळता मला त्यातली किल्ली कळली. ती म्हणजे झीज. रंग दरवर्षी बदलतो, पाट्या बदलतात, पण झीज खोटं बोलत नाही. उंबरठा मधोमध झिजला असेल तर वर्दळ मोठी. पायरी एका कडेला झिजली असेल तर त्या बाजूला धरायला भिंत आहे आणि चढणारे म्हातारे आहेत. कडीखालचा दरवाजाचा भाग चकचकीत असेल तर घर नांदतं आहे. भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर तेलकट डाग असेल तर तिथे कोणी रोज टेकून बसतं. एवढं वाचता आलं की वीतभर फोटो पुरतो.

घरी आल्यावर तेच फोटो आमच्या ह्यांना आणि दिरांना दाखवले. दोघांचा जन्म यवतमाळचा. दत्त चौक, आझाद मैदान, कोणत्या प्लॉटचा काय भाव, सगळं तोंडपाठ. पण वीसपैकी दोघांचे मिळून सात. माझे एकटीचे सोळा. मी तर इथली नाहीच, कारंजा लाडची. आजही कोणी गाव विचारलं की तोंडात आधी कारंजाच येतं.

मग विचार करत बसले की असं का व्हावं. लग्न होऊन आले तेव्हा डोक्यावरून पदर कपाळापर्यंत असायचा. सासूबाई पुढे, मी मागे. मान वर करून चौक पाहायची सोय नव्हती. दिसायचं ते पायाखालचं: कुठे फरशी सैल आहे, कुठे गटाराचं झाकण हलतं, मंदिराची कितवी पायरी उंच आहे. आपले मुनी महाराज ईर्यासमिती पाळतात, चार हात जमीन पाहून चालतात, जीव पायाखाली येऊ नये म्हणून. ते त्यांनी स्वीकारलेलं व्रत. आमची मान खाली होती ती रिवाजाने, कोणी विचारून नव्हे. त्या रिवाजाचं मी कौतुक करणार नाही, माझ्या सुनेला मी पदर घ्यायला कधी सांगितलं नाही. पण खाली पाहून चालता चालता आम्ही गाव पाठ केलं, हेही खरंच. कोणत्याही ताळेबंदात ही मालमत्ता कोणी दाखवलेली नाही.

अकराव्या फोटोला मात्र मंडळ गप्प झालं. गंजलेलं लोखंड, वाळलेलं गवत, पुन्हा गंजलेलं लोखंड. तरुण मुली म्हणाल्या, कुठलं तरी फाटक असेल. मला मात्र पाहताक्षणी कळलं. ते दोन रूळ होते. मोठ्या रेल्वेच्या दोन रुळांत साडेपाच फूट अंतर असतं, इतक्या जवळून काढलेल्या फोटोत ते दोन्ही मावणारच नाहीत. अडीच फुटांवर रूळ असलेली आपल्याकडे एकच गाडी, शकुंतला.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. वऱ्हाडातला कापूस मुख्य रेल्वेपर्यंत आणून पुढे मुंबई बंदरातून विलायतेला पाठवायचा हा हेतू. यवतमाळ ते मूर्तिजापूर सुमारे ११३ किलोमीटरची ही लाइन, आणि वाटेत दारव्हा आणि माझं कारंजा. मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावलं, मग डिझेलचं आलं आणि पुढे गाडीच बंद झाली. कापसासाठी बांधलेल्या त्या गाडीतून आम्ही मुली माहेरी जायचो. बसपेक्षा वेळ जास्त लागायचा, पण तिकीट स्वस्त. खिडकीतून कोळशाचा कण डोळ्यात जायचा आणि डोळे पुसायला आयतं कारण मिळायचं. परत येताना वडील गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज धरून उभे असायचे. बोलायचे काही नाहीत.

सुनेने तो फोटो गवत छान दिसलं म्हणून काढला होता. रूळ कशाचे हे तिला माहीत नव्हतं. "आई, इथून खरंच गाडी जायची?" तिने विचारलं. त्या दिवशी मी तिला बरंच सांगितलं. २०२४ च्या फेब्रुवारीत वर्धा ते कळंब नवी मोठी लाइन सुरू झाली, ती पुढे यवतमाळहून नांदेडला जाणार आहे. चांगलंच आहे. पण ज्या वस्तूला कोणाचा हात लागत नाही, ती एका पिढीत अनोळखी होते, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

आता सतरावा फोटो. जाड लोखंडी पत्रा, त्यावर तिरप्या उठावाच्या रेघा, मधल्या रेघा झिजून गुळगुळीत, फटीत सरकीचे दोन दाणे. चाळीस बायकांपैकी एकीलाही ओळखता आला नाही. घरी मात्र ह्यांनी चष्माही न लावता सांगितलं, "बाजार समितीचा वजनकाटा." मैत्रिणींनो, आमच्यातल्या निम्म्या घरांची चूल कापसावर पेटते. कोणाची अडत, कोणाचं जिनिंग, कोणाचं सरकी-ढेपेचं दुकान. आणि जिथे तो कापूस तोलला जातो तिथे आमच्यापैकी कोणाचंच पाऊल पडलेलं नव्हतं.

मी ह्यांना म्हटलं, मला घेऊन चला. डिसेंबरात गेले. गाड्यांची रांग लागलेली होती. एका गाडीवर, कापसाच्या ढिगावर, माझ्याच वयाची एक बाई बसली होती. सकाळपासून नंबर लागायचा होता. मी पाण्याची बाटली पुढे केली. तिने बाटली घेतली तेव्हा बोटं दिसली. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी नखांच्या कडा चिरलेल्या, भेगांत काळं बसलेलं. वेचणी बायकाच करतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं, घरात ऐकलं होतं. ती म्हणाली, "भाव काय निघते ते पाहू न बाई." भाव तिच्या मनासारखा निघाला नाही. ह्यांच्या वहीत त्या दिवशी क्विंटल आणि रुपये लिहिले गेले. वहीत बोटांचा रकाना नसतो. पण ती बोटं पाहिल्यापासून घरातल्या गादीच्या कापसावर हात ठेवताना मला ती बाई आठवते.

एक नय म्हणजे पूर्ण सत्य नव्हे, हे आपण पाठशाळेत हत्तीच्या गोष्टीतून शिकलो. जवळचा फोटोही एक नयच. माझे सोळा गुण म्हणजे माझ्या चालण्याच्या वाटा, आणि न आलेले चार म्हणजे मी कधी न गेलेल्या जागा.

जाता जाता एक कामाची गोष्ट. हा खेळ जगभर मोठ्या प्रमाणावर खेळला जातो. स्वीडनच्या अँटोन वालेन यांनी २०१३ मध्ये 'जिओगेसर' काढला, त्यात रस्त्याचं चित्र पाहून जागा ओळखायची असते. ही विद्या चांगल्या कामालाही येते. युरोपोल ही युरोपातली पोलीस यंत्रणा २०१७ पासून, अत्याचार झालेल्या मुलांच्या फोटोंमधली फक्त एखादी पिशवी किंवा पडदा लोकांसमोर ठेवते आणि ही वस्तू कुठली ते विचारते. पण जे पोलिसांना जमतं ते वाईट माणसालाही जमतं. म्हणून नातवंडांचे फोटो टाकताना मागे घराचं फाटक, शाळेचा गणवेश, गल्लीचा कोपरा येऊ देऊ नका. आपल्याला वाटतं, एवढ्याशा कोपऱ्यावरून काय कळणार? आता तुम्हीच सांगा, काय कळत नाही?

तुमच्या मंडळात हा खेळ जरूर घ्या. खर्च काही नाही. फक्त दोन गोष्टी करा. नव्या सुनांना आणि म्हाताऱ्या सासवांना एकाच गटात बसवा. आणि वीसपैकी निदान पाच फोटो अशा जागांचे ठेवा, जिथून आपल्या घरात पैसा येतो पण आपण कधी गेलो नाही. मग ज्या जागेचा फोटो ओळखता येणार नाही, तिथे एकदा जाऊन या.

जय जिनेंद्र.