तिसऱ्या मजल्यावरचा माग

वकिलाच्या घरात माग कशाला, असा प्रश्न आमच्याकडे येणारे पक्षकार तोंडाने विचारीत नाहीत. परंतु दिवाणखान्याच्या मध्यभागी उभ्या असलेल्या त्या सागवानी चौकटीला वळसा घालून खुर्चीपर्यंत येताना तो त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट उमटतो. प्रश्न रास्त आहे. काही वर्षांपूर्वी आम्हांलाही तो पडला असता.

आमच्या आईचे माहेर बेळगावच्या शहापुरातले. तिच्या बालपणी तेथे गल्लोगल्ली हातमाग चालत. शेजारच्या विणकराच्या खड्डामागावर ती हौसेने बसे, आणि लग्न होऊन गोव्यात येईपर्यंत साधे कापड विणण्याइतका तिचा हात बसला होता. पुढे साठ वर्षे तिने धोटा हाती धरला नाही. वडील निवर्तले आणि फोंड्याजवळच्या घराची वाटणी निघाली. गोव्याच्या कायद्याप्रमाणे दांपत्याच्या सामाईक मिळकतीतला निम्मा हिस्सा पत्नीचा स्वतःचाच असतो. तो राखून ठेव, असे आम्ही आईला परोपरीने सांगितले. ती म्हणाली, "अर्ध्या घरात मी एकटी काय करू?" घर विकले गेले आणि आई आमच्या तिसऱ्या मजल्यावरील तीन खोल्यांत आली. तक्रार तिने कसलीच केली नाही. एका संध्याकाळी मात्र दिवा लावता लावता म्हणाली, "देवीला माझ्या हातचं एक वस्त्र घालायचं तेवढं राहिलं."

ते वाक्य आमच्या मनातून जाईना. घर आम्ही राखू शकलो नव्हतो. निदान माग तरी आणावा, असे ठरविले.

प्रथम आम्ही कायदा उघडला, हा आमच्या धंद्याचा दोष. हातमागासाठी काही वस्तू राखून ठेवणारा १९८५ चा केंद्रीय कायदा सांगतो, की यंत्रमागाखेरीज कोणताही माग तो हातमाग. काय नव्हे ते सांगून कायदा मोकळा झाला. काय घ्यावे ते शोधणे आमच्याकडे आले. आईच्या ओळखीचा खड्डामाग बाद होता. त्यात विणणारा जमिनीच्या पातळीवर बसून पाय खड्ड्यात सोडतो. तिसऱ्या मजल्यावर तसे करणे म्हणजे खालच्या शेजाऱ्याच्या छतातून पाय सोडणे होय, आणि त्या दाव्यात आमची बाजू फारच लंगडी पडली असती. मेजावर ठेवावयाचे छोटे मागही असतात. पण त्यांत ताण्याचे धागे वरखाली करण्याचे कामही हातांनीच करावे लागते, त्यामुळे हात दर फेकीला धोटा सोडून खिट्टीकडे जातो आणि लय तुटते. म्हणून पायांनी चालणारा, परंतु आटोपशीर असा माग हवा होता.

आम्ही टेप काढली, खिडकीशेजारच्या भिंतीचे माप घेतले आणि त्या मापात नेमका बसणारा, मिटवून ठेवता येण्याजोगा एक हलका माग विकत आणला. माग भिंतीला असा चपखल बसला, की आम्ही स्वतःवर प्रसन्न झालो. आई बाकावर बसली, तेव्हा तिची पावले पायदांड्यांपर्यंत पोचेनात. मागाच्या मागल्या बाजूस जाऊन ताणा लावावा लागतो हे आमच्या ध्यानीच आले नव्हते. तेथे भिंत होती. चौकट हलकी असल्याने फणीच्या प्रत्येक ठोक्यासरशी माग तसूतसूने पुढे सरके. शिवाय त्याची खोली फार कमी होती. ताणा आखूड अंतरात ताणलेला असला, की धागे वर उचलताना त्यांवर अधिक ओढ बसते; सुती धागा फारसा लवचिक नाही, त्यामुळे धोटा जावयाची वाट अरुंद राहते आणि धागे तुटतात. आई दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अरे, विणायचंय मला, भिंतीला नाही."

तो माग आम्ही तोटा सोसून परत केला. दुसऱ्या वेळी टेप आईच्या हाती होती. तिने आधी आपल्या गुडघ्यापासून पावलापर्यंतचे अंतर मोजविले. सुताराला सांगून बाकाला वरखाली करण्याच्या खाचा ठेवविल्या. आम्हांला चार चौकटींच्या मागाचा मोह होता, कारण त्यावर नाना तऱ्हेची वीण निघते. तिने दोनच मागितल्या. वर कप्पीवरून दोरी गेलेली, एक चौकट खाली ओढली की दुसरी आपोआप वर येते; गुडघ्यांना श्रम कमी. फणीचा दांडा वरून टांगलेला, म्हणजे ठोक्याचे निम्मे काम त्याचे वजनच करते. फणी न गंजणाऱ्या पोलादाची, कारण आमचा पावसाळा सुताला मानवतो, पण साध्या लोखंडाला नाही.

राहिला रुंदीचा प्रश्न. लुगड्याच्या पन्ह्याचा माग घरात मावेना. दोन पट्टे विणून जोडावे, अशी तोड आम्ही काढली. "शिवलेलं वस्त्र देवीला नको," आई म्हणाली. आम्ही युक्तिवादाची जुळवाजुळव करून देवळात गेलो. भटजींनी सारे शांतपणे ऐकून घेतले, उत्सवमूर्तीचे माप दोऱ्याने घेतले आणि तो दोरा आमच्या हाती ठेवला. अठरा इंच पन्ह्याचा शेला पुरेसा होता. विणताना आणि धुतल्यावर कापड आटते, म्हणून वीस इंच ताणा लावावयाचा. चोवीस इंची फणी त्याला भरपूर झाली.

इंचाला चोवीस, असे चारशे ऐंशी धागे. तांदळाच्या पेजेची खळ देऊन आईने ते वाळविले. प्रत्येक धागा चौकटीतल्या दोऱ्याच्या डोळ्यातून व मग फणीच्या फटीतून ओवावयाचा. मोतीबिंदू काढलेल्या तिच्या डोळ्यांना ते एकटीने झेपेना. कोर्टातून आलो की आम्ही मागाच्या पाठीमागे बसून एकेक धागा पुढे करीत असू आणि ती तो ओढून घेई. पाच संध्याकाळी आम्ही समोरासमोर असे बसलो. घर विकल्यापासून ज्या गोष्टी आमच्यात निघाल्या नव्हत्या, त्या त्या धाग्यांबरोबर निघाल्या.

मार्गशीर्षात पालखी निघाली, तेव्हा देवीच्या खांद्यावर तो शेला होता. त्याच्या काठापासून चार बोटांवर दोन धाग्यांची अदलाबदल झालेली एक बारीक रेघ आहे. तो दोष आमचा. धागे आम्हीच उलटसुलट दिले होते. विणताना तो दिसला, तेव्हा उसवून पुन्हा ओवावे का, असे आम्ही विचारले. आई म्हणाली, "असू दे. तुझाही हात लागला म्हणायचा."

आता ती रोज अर्धा तास बसते आणि पंचे विणते. घरी माग घ्यावा अशा विचाराने कोणी सल्ला विचारला, तर आम्ही एवढेच सांगतो, की खोली नंतर मोजा. आधी विणणाऱ्याला बाकावर बसवा आणि मागाच्या मागे एका माणसाला बसण्यापुरती जागा सोडा. आमची कन्या हल्ली आजीच्या शेजारी उभी राहून धोटा झेलते. तिचे पाय अजून पोचत नाहीत. बाकाच्या वरच्या दोन खाचा मात्र रिकाम्या आहेत, आणि पायदांड्यांवर ठोकावयास सुताराने दोन फळ्या आताच कापून ठेविल्या आहेत.