गमत नाही

पुण्याला कुणाच्या लग्नाला गेली की तिसऱ्या दिवशी आजी म्हणायची, "मला इथं गमत नाही." पुण्याच्या मामींना ऐकू यायचं 'गंमत नाही', मग त्या बिचाऱ्या पत्त्यांचा डाव मांडायच्या. आजीला पत्ते नको असायचे. तिला सुभानपुऱ्यातला तिचा हिंचका हवा असायचा. गुजरातीतलं 'गमतुं नथी' तिनं कधी मराठी करून टाकलं, हे तिलाही ठाऊक नसावं. 'करमत नाही' मात्र तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

ती बडोद्याच्या दांडिया बाजारातली. गायकवाडांनी १७३४ साली बडोदं घेतलं, त्यानंतर त्यांच्या मागोमाग आलेल्या मराठी घरांपैकी एक आमचं. सयाजीराव महाराज स्वतः नाशिककडच्या कवळाण्याचे, पण कारभार त्यांनी रयतेच्या गुजरातीत आणला. १९३१ साली त्यांनी कारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश काढला, 'सयाजी शासन शब्द कल्पतरु'. आजीच्या स्वयंपाकघरातली नववी भाषा त्यात नाही: "तपेली उतार, रकाबी दे, नि हिंचक्यावर बस." पुण्यात यावर हसू पिकायचं. मीही हसायचो, हे आता लिहायला बरं वाटत नाही.

आजोबा कोयलीच्या रिफायनरीत लागले आणि वाडा सोडून बिऱ्हाड शहराच्या पश्चिमेच्या टोकाला, सुभानपुऱ्यात आलं. सोसायटीत मराठी घर आमचं एकच. १ मे १९६० ला पुणं आणि बडोदं दोन राज्यांत गेलं, त्याबद्दल आजी कधी काही बोलली नाही. एक मे म्हणजे तिच्या लेखी छुंद्याचं तपेलं फडकं बांधून गच्चीवर ठेवायचे दिवस. फडकं कुणी वेळेवर सोडलं नाही, यावरून मात्र ती भरपूर बोलायची.

समोरच्या मासी आणि ती रोज दुपारी हिंचक्यावर बसायच्या. दोघी आपापल्या भाषेत बोलायच्या. निदान तसा दोघींचा समज होता. कडी कुरकुरायची, शेंगा सोलल्या जायच्या, मधेच कुणी तरी रडूनही घ्यायचं. आम्हा पोरांना तिथं थारा नसे.

आजीचं तेरावं झालं. घर आवरताना मासी आल्या. हिंचक्यावर आपल्या बाजूलाच बसल्या, उरलेली बाजू तशीच ठेवून. पायानं झोका दिला आणि म्हणाल्या, "तारी आजी वगर मने करमतुं नथी."

गुजरातीत हा शब्द त्यांनी आणला कुठून? सोसायटीत दुसरं मराठी घर नव्हतं. म्हणजे आजीनंच तो कधी तरी त्यांच्यापाशी काढला होता, आणि एकदाच नव्हे, त्यांच्या जिभेवर बसेल इतक्यांदा.

आजोबा गेले त्या पावसाळ्यात मी मुंबईला होतो. फोनवर विचारलं की आजी म्हणायची, "मजेत आहे रे."