दोन विमानतळांमधले अंतर

'अंतर' हा शब्द मराठीत मोठा मायावी आहे. दोन गावांमध्ये असते ते अंतर, दोन मनांत पडते तेही अंतर. आणि ज्या अंतःकरणाला ते दुःख होते, त्यालाही आपण अंतरच म्हणतो. कोशातील हे तिन्ही अर्थ मला एकाच दिवशी अनुभवावयास मिळाले, आणि तेही दोन विमानतळांमुळे!

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूच्या धावपट्टीवर उतरले. पुढे ही वर्दळ सांताक्रूझला आणि सहारला गेली. परंतु ही सारी ठिकाणे एकमेकांच्या शेजारचीच. त्यामुळे 'विमानतळावर जाऊन येतो' एवढे म्हटले की पुरे होई, 'कोणत्या?' असे कोणी विचारीत नसे. २५ डिसेंबर २०२५ पासून पनवेलजवळ उलव्याच्या बाजूला नव्या विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली, आणि हा प्रश्न घरोघर आला.

या दोहोंमधील अंतर आकाशातून मोजाल तर २५ किलोमीटरच्या आत-बाहेर. विमानाला ते पाच-सहा मिनिटांचे. भूमीवर मात्र मध्ये खाडी आडवी येते. रस्त्याने ते ४० किलोमीटरांच्या घरात जाते. रस्ता मोकळा असला तर एक तास, आणि गर्दी असली तर दोन किंवा अधिकही. विलायतेहून हजारो मैल नेमक्या घटकेला आलेला प्रवासी येथे घड्याळाकडे पाहत बसतो.

आमची कन्या लंडनहून सहारला सकाळी अकराला उतरणार होती, आणि सासरच्या कार्यासाठी नव्या विमानतळावरून सायंकाळी सातला नागपूरला निघणार होती. हाती आठ तास! 'तेवढ्यात घरी येऊन जाईल,' असे सौभाग्यवतींनी ठरवूनही टाकले. मी कागद घेऊन बसलो. तपासणी आणि सामान यांत दीड तास. पुढच्या विमानासाठी दोन तास आधी हजेरी. सहार ते विरारचा आमचा मनवेलपाडा दोन तास. तेथून घोडबंदर, ठाणे करीत उलवे अडीच तास. बाकी शून्य. बेरीज तपासून पाहिली, उत्तर बदलेना.

सौभाग्यवतींनी कागदाकडे पाहिलेही नाही. "तिला येता येत नसेल, तर आपण जाऊ," एवढेच त्या म्हणाल्या. थालीपिठांचा डबा घेऊन आम्ही उभयता लोकलने अंधेरी गाठली, आणि मुलीबरोबर मोटारीत बसून दुसऱ्या विमानतळाकडे निघालो.

मानखुर्दच्या पुढे वाहनांची रांग लागली. चालक ओशाळून म्हणाला, "आई, आज जरा उशीर होणार." सौभाग्यवती म्हणाल्या, "होऊ द्या हो, आम्हांला घाई नाही." एरवी शिव्याशापांचा धनी होणारा तो खोळंबा त्या दिवशी मायलेकींना आंदण मिळाला होता. थालीपीठ खाता खाता मुलीने नोकरी सोडण्याचा विचार बोलून दाखविला, डोळे पुसले; दूरध्वनीवर वर्षभरात तिने यातले अक्षरही काढले नव्हते.

पुढेमागे या मार्गाने वेगवान गाड्या धावतील, आणि धावाव्यातच. प्रवाशांचे हाल मला ठाऊक आहेत. तथापि वेगाने अंतर तुटते, ते नेहमी जोडले जातेच असे नाही. ते काम शेवटी, माणसाने माणसाला अंतर न देण्याचे आहे.